वाचकांचे प्रश्न : बुधवार-शुक्रवारातल्या पुसलेल्या खुणा

प्रश्न : आमच्या घरी पणजोबांच्या वेळचे काही कागद आहेत. त्यांतील एका पत्रावर ‘बुधवार वाड्यासमोर, पुणे’ एवढाच पत्ता आहे. शनिवार वाडा आणि विश्रामबाग वाडा आम्ही पाहिले आहेत. परंतु बुधवार पेठेत चौकशी केली असता या वाड्याबद्दल कोणालाच काही सांगता आले नाही. हा वाडा कोठे होता आणि त्याचे काय झाले?

उत्तर : आपण ज्यांना विचारले त्यांचा दोष नाही, कारण हा वाडा जळून जवळजवळ दीडशे वर्षे होत आली. आजचा बुधवार चौक आणि त्याच्या लगतची जागा, म्हणजे नाना फडणविसांच्या बेलबागेतील विष्णुमंदिरासमोरचा भाग, हे त्याचे ठिकाण. नारायणराव पेशव्यांचा 1773 साली शनिवार वाड्यात खून झाला; त्या वास्तूत राहणे दुसऱ्या बाजीरावांना मानवत नसे, म्हणून त्यांनी शुक्रवार, बुधवार आणि विश्रामबाग असे नवे वाडे बांधवून घेतले, असे सांगतात. कारण तेवढे एकच असेल असे मात्र वाटत नाही. बांधकामाची हौस त्यांना मुळातच होती.

पेशवाई 1818 साली संपल्यावर बुधवार वाड्यात सरकारी कचेऱ्या आल्या. लोकहितवादींच्या पुढाकाराने 1848 साली स्थापन झालेली नेटिव्ह जनरल लायब्ररी, म्हणजेच आजचे पुणे नगर वाचन मंदिर, हिचेही बिऱ्हाड पुढे याच वाड्यात होते. त्याच वर्षी येथून हाकेच्या अंतरावर भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली होती, हे लक्षात घेतले म्हणजे या चार गल्ल्यांत तेव्हा काय घडत होते याची कल्पना येते.

1879 सालच्या मे महिन्यात एकाच रात्री बुधवार वाडा आणि विश्रामबाग वाडा या दोहोंना आग लागली. विश्रामबागेचा दर्शनी भाग जळाला. तो पुढे वर्गणी आणि नगरपालिकेचा पैसा यांतून पुन्हा उभा राहिला. बुधवार वाडा मात्र राहिलाच नाही आणि त्याच्याबरोबर ग्रंथालयाची पुस्तकेही गेली. वासुदेव बळवंत फडके यांचे बंड त्या वेळी ऐन भरात असल्यामुळे संशय साहजिकच त्यांच्या माणसांवर गेला. परंतु खटला चालून शिक्षा झाली ती रानडे आडनावाच्या दुसऱ्याच इसमाला.

शुक्रवार वाडा 1820 साली, शनिवार वाड्याच्या आतील इमारती 1828 साली आणि बुधवार वाडा 1879 साली, असे पेशव्यांचे वाडे एकामागून एक आगीतच गेले. यात नवल नाही. जोते तेवढे घडीव दगडाचे आणि त्यावर सगळा सागवानी सांगाडा : खांब, तुळया, कडीपाट, तक्तपोशी. वरच्या मजल्यावर ठिणगी पडली की खालपर्यंत जळतच येई. त्यामुळे मागे राहिली ती जोती, तट आणि दरवाजे. बुधवार वाड्याच्या वाट्याला तेवढेही आले नाही, कारण भरवस्तीतील मोकळी झालेली जागा कोण तशीच पडू देणार! पुढे विसाव्या शतकात लक्ष्मी रस्ता काढताना या भागातील जुने वाडे पाडले गेले आणि शेजारच्या घरांवरून वाड्याची जागा ओळखण्याची सोयही संपली.

भिडे वाड्याची जीर्ण इमारत डिसेंबर 2023 मध्ये राष्ट्रीय स्मारकासाठी उतरवली गेली. तेव्हा आपल्या पत्रातील ‘समोर’ या शब्दाला आज काही आधार उरला असेल, तर तो बेलबागेचाच.

प्रश्न : शुक्रवार पेठेत ‘काळा हौद’ असे म्हणतात, पण हौद दिसत नाही. बुधवारातील ‘बाहुलीचा हौद’ हाही त्याच प्रकारचा आहे काय?

उत्तर : अगदी त्याच प्रकारचा नाही. काळ्या हौदासारखे शहरातील जुने हौद म्हणजे नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यास आणलेले कात्रजचे पाणी भरण्याच्या जागा होत. कात्रजच्या तलावातून शनिवार वाड्यापर्यंत जमिनीखालून बांधीव नळ आणला होता. नळ हा शब्द फसवा आहे. माणूस आत उभा राहून चालू शकेल असा तो दगडविटांचा बोगदाच होता. कोठेही मोट किंवा रहाट नाही. केवळ जमिनीच्या उतारावर पाणी वाहत येई, वाटेत गाळ खाली बसे आणि निवळलेले पाणी पेठापेठांतील हौदांत पडे. ठरावीक अंतरावर धुराड्यासारखे चौकोनी बांधीव उच्छ्वास ठेवलेले असत, ते हवा खेळती राहावी आणि आत उतरून साफसफाई करता यावी म्हणून. घरोघरी तोटी आल्यावर हौदांचे काम संपले. काही बुजले, काही रस्तारुंदीत गेले आणि काळा हौद, बदामी हौद ही नावे पत्त्यापुरती राहिली.

बाहुलीचा हौद मात्र पेशवाईतला नव्हे. फरासखान्याजवळचा हा हौद डॉ. विश्राम रामजी घोले यांनी आपली लहान मुलगी काशीबाई हिच्या स्मरणार्थ बांधला. घोले हे नामांकित शल्यविशारद आणि फुल्यांच्या सत्यशोधक समाजातील कार्यकर्ते. मुलीला शिकवू नका, हा आप्तांचा आग्रह त्यांनी मानला नाही, तेव्हा तिला खाऊतून काच चारली गेली, अशी आठवण परंपरेने सांगितली जाते. बापाने तिच्या नावाने पाणी वाहते केले आणि ते सर्व जातींच्या लोकांना खुले ठेवले. हौदावरच्या बाहुलीमुळे हे नाव पडले. आज ती बाहुली तेथे नाही. आहे तो घोल्यांचे आणि मुलीचे नाव सांगणारा लेख. भाजीच्या पिशव्या घेऊन जाणाऱ्या गर्दीत तेथे थांबून तो वाचणारा मनुष्य मला तरी क्वचितच दिसला.

प्रश्न : मंडईजवळच्या वाहनतळाला लोक ‘आर्यन’ का म्हणतात?

उत्तर : तेथे आर्यन हे चित्रपटगृह होते, म्हणून. पुण्यातील पहिले कायमचे चित्रपटगृह म्हणून त्याची ख्याती. ते 1915 साली सुरू झाले. जवळच्या मिनर्व्हाचेही तसेच झाले. दोन्ही वाहनतळांना अधिकृत नावे वेगळी आहेत, फलकही लावलेले आहेत. तरी जुना पुणेकर दूरध्वनीवर ‘गाडी आर्यनला लावली आहे, मिनर्व्हापाशी ये’ असेच सांगतो. हुजूर पागेतील घोडे जाऊन तेथे मुलींची शाळा आली, तिलाही आपण हुजूरपागाच म्हणतो. आणि पेशव्यांचे तंबू, सतरंज्या, गालिचे ठेवण्याचा फरासखाना आज पोलीस ठाण्याचे नाव होऊन बसला आहे.

मंडईचे नाव मात्र बदलले आणि रुळलेही. 1886 साली ती गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने उघडली, त्यापूर्वी भाजीबाजार शनिवार वाड्यासमोरच्या पटांगणात भरत असे. एवढा खर्च इमारतीवर करण्याऐवजी शिक्षणावर करावा, असे म्हणून नगरपालिकेत तिला विरोध करणारे सभासद होते जोतीराव फुले. आज ती महात्मा फुले मंडई आहे.