आईच्या पासपोर्टवर आडनाव नाही, दुबईचा व्हिसा मिळेल का?

तुम्ही लिहिलंय ते असं: तुम्ही दुबईत नोकरीला, आईवडील बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात गावी. आईचा पासपोर्ट मागे काढलेला आहे, पण त्यावर नुसतं ‘सावित्री’ आहे, आडनावाचा रकाना रिकामा. वडिलांचा अजून काढायचाय. घरातले बहुतेक कागद कन्नडमध्ये. दोघांना दोन महिने तुमच्याकडं आणायचंय, तर व्हिसा मिळेल का आणि काय काय लागेल?

मिळेल. पण क्रम बदला. आधी आईचा पासपोर्ट दुरुस्त करून घ्या आणि तो हातात पडेपर्यंत व्हिसाचा अर्ज भरू नका, तिकीटही काढू नका.

मी बेळगावात शहापूरला राहतो. धाकटी बहीण शारजाला असते. आईबाबांना तिच्याकडं पाठवताना सगळी कागदपत्रं मीच केली, आणि तेव्हापासून गल्लीतल्या, पाहुण्यांतल्या बऱ्याच जणांची करून दिली. त्यावरून सांगतो, आपल्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांचं काम व्हिसापाशी फारसं अडत नाही. अडतं ते नावापाशी.

संयुक्त अरब अमिरातीने २१ नोव्हेंबर २०२२ पासून नियम केला की पासपोर्टवर एकच शब्द असेल, म्हणजे नाव आहे आणि आडनाव नाही किंवा उलट, तर पर्यटन आणि भेटीच्या व्हिसावर प्रवेश नाही. पुढं थोडी सवलत दिली. पासपोर्टच्या दुसऱ्या पानावर, म्हणजे आपल्याकडं शेवटच्या पानावर, वडिलांचं किंवा कुटुंबाचं नाव असेल तर ते ग्राह्य धरतात. एजंट याच सवलतीकडं बोट दाखवून ‘होतंय की, काळजी करू नका’ म्हणेल. तुम्ही त्यावर विसंबू नका. कारण दुबईला पोचायच्या आधी इथल्या विमानतळावर विमान कंपनीच्या काउंटरवरचा माणूस पासपोर्ट बघतो, आणि प्रवासी तिकडून परत पाठवला गेला तर त्याला आणायची जबाबदारी कंपनीवर येते. म्हणून शंका आली की तो चढूच देत नाही. आमच्या ओळखीच्या एका मावशींना असंच काउंटरवरून माघारी यावं लागलं. नातवाला बघायला निघाल्या होत्या. रात्रभर प्रवास करून गेलेली बाई, पिशवीत बाळंतविडा घेऊन, पुन्हा रात्रभर प्रवास करून घरी आली. तुमच्या आईवर ती पाळी यायला नको, म्हणून एवढं लांबण लावून लिहितोय.

आता नाव कसं दुरुस्त करायचं. त्याआधी सगळे कागद एका जागी पसरून बघा, म्हणजे किती प्रकारची नावं आहेत ते कळेल. आपल्याकडच्या बायकांचं माहेर बऱ्याचदा महाराष्ट्रातल्या चंदगड नाहीतर गडहिंग्लज भागातलं. शाळेचा दाखला तिकडचा, मराठीत, वडिलांच्या नावासकट. लग्न होऊन इकडं आल्यावर रेशन कार्ड कन्नडमध्ये, आणि लिहून घेणाऱ्यानं त्याच्या सवयीनं ‘सावित्री’चं ‘सावित्रव्वा’ केलेलं. तेच कन्नडमधून इंग्रजीत गेलं की कर्नाटकच्या पद्धतीप्रमाणं ‘त’साठी नुसता टी न येता टी-एच येतो. मराठी शाळेच्या वळणाची सुनीता, लता, सावित्री एका स्पेलिंगची, आणि इकडच्या कार्डावरची दुसऱ्या. कुठं मधलं नाव नवऱ्याचं, कुठं वडिलांचं, कुठं काहीच नाही. यात कुणाचा वाईट हेतू नसतो. दोन राज्यांच्या दोन लिपींत एकाच बाईची नोंद झाली की हे होतंच.

यातलं कुठलं स्पेलिंग खरं धरायचं? माझं मत स्पष्ट आहे: तुमच्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर आईचं नाव जसं छापलंय, तेच. व्हिसासाठी तुम्ही तिचा मुलगा आहात हे दाखवायचंय, आणि त्याचा सगळ्यात सोपा पुरावा म्हणजे तुमच्या पासपोर्टवरचं आईवडिलांचं नाव त्यांच्या पासपोर्टवरच्या नावाशी जुळणं. तुमचा पासपोर्ट तिकडच्या निवासी व्हिसाला आणि एमिरेट्स आयडीला, म्हणजे तिकडच्या ओळखपत्राला, जोडलेला आहे, तो बदलायला गेलात तर मागची साखळीच हलवावी लागेल. आईचा तर नाहीतरी नव्यानं निघणारच आहे, मग तोच तुमच्याशी जुळवून घ्या. वडिलांचंही तसंच. त्यांचा पासपोर्ट अजून निघालेलाच नाही, ही एका अर्थी सोयच झाली. फॉर्म भरताना तुमचा पासपोर्ट समोर ठेवून एकेक अक्षर उतरवा. आईच्या नावाच्या रकान्यात ‘सावित्री’ आणि तुमच्या वडिलांचं नाव, आडनावाच्या रकान्यात आडनाव. आद्याक्षरं लिहू नका, सगळं पूर्ण.

पासपोर्टच्या आधी आधार. पासपोर्ट कार्यालयात सगळ्यात आधी आधारच बघतात, आणि आधारवर नाव फक्त दोनदा बदलता येतं. मागे एकदा बदलून झालं असेल तर आता शेवटची संधी आहे, हे आधार केंद्रात बसताना लक्षात असू द्या. समोरचा टाइप करील ते सही करण्याआधी स्वतः वाचा, किंवा गावातल्या शिकलेल्या पोराला बरोबर पाठवा. कन्नडमधलं नाव थोडं इकडंतिकडं झालं तरी चालेल, इंग्रजी ओळ मात्र तंतोतंत हवी.

जन्मतारीखही याच वेळी बघून घ्या. शाळेच्या दाखल्यावर १ जून आणि आधारवर १ जानेवारी, ही जोडी आपल्याकडं घरोघरी सापडते. १ जून गुरुजींनी घातलेली असते, आणि आधार काढताना नुसतं सालच सांगितलेलं असतं. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांनाच पासपोर्टसाठी जन्मदाखला सक्तीचा आहे. तुमच्या वडिलांच्या वयाच्या माणसाला शाळेचा दाखला, पॅन कार्ड, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, एलआयसीची पॉलिसी यातलं काहीही जन्मतारखेला चालतं. मात्र जे दाखवाल त्यावरची तारीख आणि आधारवरची तारीख एकच हवी. आईचं जन्मस्थळ चंदगड तालुक्यातलं असेल तर तेच लिहा, महाराष्ट्र म्हणून. बाकी सगळे कागद कर्नाटकाचे आहेत म्हणून काहीजण तिथं खानापूर लिहितात, तसं करू नका. बेळगाव की बेळगावी याची मात्र चिंता नको. सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ ला बदललं, त्यामुळं जुन्या आणि नव्या कागदांत तो फरक राहणारच. त्यावरून कुणाचं काम अडलेलं मी पाहिलेलं नाही.

आईच्या अर्जात ‘पुन्हा जारी’ निवडून कारण ‘वैयक्तिक तपशिलात बदल’ असं द्या. नवऱ्याचं आडनाव लावायला लग्नाची नोंद असली की काम सरळ होतं. जुन्या लग्नांची नोंद बहुधा नसते, पण सब-रजिस्ट्रारकडं ती आजही करता येते. दोघांचे फोटो, साक्षीदार आणि असली तर जुनी लग्नपत्रिका घेऊन जा. पत्रिका मराठीत असली तरी काही बिघडत नाही. पासपोर्टसाठी आता हुबळीला जावं लागत नाही, २०१८ पासून बेळगावच्या मुख्य पोस्टातच सेवा केंद्र आहे. दोघांची वेळ एकाच दिवशी घ्या. ३६ पानी पासपोर्टची साधी फी १५०० रुपये, तत्काळला वर २०००. पोलीस पडताळणी तुमच्या गावच्या ठाण्यातून होईल, तेव्हा त्या आठवड्यात दोघांना गावातच राहायला सांगा, आणि शेजारच्या दोन माणसांना कल्पना देऊन ठेवा. ‘आई दहावी नाही, शिक्का बसेल का’ हाही प्रश्न पुष्कळांना पडतो. शिक्का म्हणजे पासपोर्टवरचा ‘ईसीआर’ शेरा, तो असला की नोकरीसाठी काही देशांत जाताना आधी सरकारी मंजुरी लागते. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला तो बसत नाही, आणि नुसतं भेटीला जाणाऱ्याला त्या मंजुरीची गरजच नसते.

एवढं झालं की पुढचं सोपं आहे. भेटीचा व्हिसा ३० किंवा ६० दिवसांचा मिळतो, तुम्ही ६० चा घ्या. दुबईत राहता म्हणजे तिथल्या निवास खात्याकडं तुम्ही स्वतः अर्ज करू शकता, किंवा तिथल्याच एखाद्या ट्रॅव्हल कंपनीतर्फे. पासपोर्टच्या रंगीत प्रती, पांढऱ्या पार्श्वभूमीचे फोटो, परतीचं तिकीट, तुमच्या एमिरेट्स आयडीची प्रत आणि घरभाड्याचा नोंदणीकृत करार एवढं तयार ठेवा. पासपोर्टची मुदत प्रवासाच्या दिवसापासून किमान सहा महिने शिल्लक हवी. दोघांचा आरोग्य विमा काढाच, तिथलं दवाखान्याचं बिल आपल्याला झेपणारं नसतं. कुणी सांगेल की दुबईला उतरल्यावर व्हिसा मिळतो. तो अमेरिका, ब्रिटन, युरोपीय संघ अशा मोजक्या देशांचा व्हिसा किंवा निवास परवाना आधीच असलेल्या भारतीयांना मिळतो, तुमच्या आईवडिलांना नाही.

कन्नड कागदांचं भाषांतर भेटीच्या व्हिसाला सहसा लागत नाही, कारण नातं पासपोर्टवरूनच दिसतं. पुढं कधी त्यांना तिकडं कायम न्यायचं ठरवलंत तर मात्र कागदांचं साक्षांकन लागेल, आणि आपल्या घरांत ते दोन वाटांनी जातं. कर्नाटकात झालेल्या लग्नाचा दाखला बेंगळुरूमार्गे, चंदगडच्या शाळेचा मुंबईमार्गे, मग दोन्ही परराष्ट्र खात्यात आणि शेवटी अमिरातीच्या वकिलातीत. आत्ता त्यात पडू नका.

तुम्ही विचारलं नाहीत, पण सामानाबद्दल सांगितलंच पाहिजे. खसखस अमिरातीत बंदी असलेली वस्तू आहे. आई रिकाम्या हातानं येणार नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. अनारसे, डिंकाचे लाडू, घरचा कांदा-लसूण मसाला, या सगळ्यांत खसखस असते. तिला आत्ताच सांगा, म्हणजे ती खसखस न घालता करील. गोकाकचा करदंट (तिथली डिंक-सुकामेव्याची मिठाई) घेतला तर डब्यावरचे घटक वाचून घ्या. त्याहून महत्त्वाची औषधं. पायाची आग होते म्हणून आपल्याकडं प्रीगाबालिनच्या गोळ्या सर्रास दिल्या जातात, त्या तिथं नियंत्रित यादीत आहेत. ट्रॅमाडॉल, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, झोपेच्या किंवा चिंतेच्या काही गोळ्या यांचंही तसंच. डॉक्टरांकडून इंग्रजीत चिठ्ठी घ्या, त्यावर औषधाचं मूळ नाव आणि पासपोर्टप्रमाणं रुग्णाचं नाव हवं, आणि अशी औषधं असतील तर तिथल्या आरोग्य यंत्रणेची ऑनलाइन आगाऊ परवानगी काढा. बीपी-शुगरच्या नेहमीच्या गोळ्या मूळ पाकिटात, चिठ्ठीसकट. कापलेल्या पट्ट्या डबीत भरून नेऊ नका. दागिन्यांत मंगळसूत्र आणि रोजचं अंगावरचं ठीक. पाटल्या, तोडे न्यायचेच असतील तर जाताना विमानतळावर कस्टममधून निर्यात दाखला घ्या, नाहीतर परत येताना ते आपलेच आहेत हे सिद्ध करत बसावं लागतं.

वेळ कुठली निवडायची? शेती असेल तर सुगी उरकल्यावर, जानेवारीत. तेव्हा वडिलांचा जीव भातात अडकलेला नसतो आणि तिथली हवाही सोसवते. मे ते सप्टेंबर तिथलं ऊन म्हाताऱ्या माणसांच्या कामाचं नाही. गोव्याहून सोयीचं विमान मिळालं तर तेच घ्या, मुंबई-बेंगळुरूची रात्रभराची दगदग वाचते. गोव्याच्या वाटेवरच्या चोर्ला घाटाला मात्र हातात भरपूर वेळ ठेवून निघायला सांगा.

दोघांच्या हातात एकेक कागद द्या. वर इंग्रजीत तुमचं नाव, पत्ता, फोन, परतीची तारीख, आणि खाली तेच मराठीत, म्हणजे काय विचारतायत आणि कुठं बोट दाखवायचं ते त्यांना कळेल. व्हिसा आणि तिकीट छापील प्रतीत, फोनमधल्या फोटोवर भिस्त नको. दुबईच्या काउंटरवर मोडकंतोडकं हिंदी बहुतेक चालून जातं. ‘मुलाकडं आलोय, दोन महिन्यांनी परत’ एवढंच सांगायला शिकवा, त्यापुढं काही जोडायला नको.

परतीचं तिकीट साठाव्या दिवसाचं काढू नका. पोचल्याचा दिवसही मोजला जातो, आणि मुदत उलटली की माणशी रोज ५० दिरहम दंड आहे. पंचावन्नाव्या दिवसाच्या आसपासचं काढा, म्हणजे कुणाला ताप आला किंवा विमान रद्द झालं तरी चार-पाच दिवस हाताशी राहतात. आईचा नवा पासपोर्ट आला की नावाची इंग्रजी ओळ तुमच्या पासपोर्टशी ताडून बघा, आणि काही शंका राहिली तर इथंच विचारा, मी उत्तर देईन.