आंबोलीमार्गे गोव्याला जाताना छोट्या गावात पोटभर नाश्त्याचं हॉटेल कसं ओळखायचं?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. पुण्याहून निघाल्यावर हायवेवरचे फूड मॉल टाळून एखाद्या छोट्या गावात 'घरगुती' आणि पोटभर नाश्ता करायचा तर हॉटेल कसं निवडायचं, ही एक. आणि अनोळखी माणसाला तिथं अवघडल्यासारखं होतं का, ही दुसरी.

घरगुती खायचं असेल तर घरून डबा घेऊन निघा. हॉटेलात हॉटेलचं खावं. शंभर माणसांच्या मिसळीचा कट, म्हणजे वरून ओतायचा तिखट रस्सा, एका पातेल्यात चार तास रटरटतो तेव्हा त्याला जी चव येते ती तुमच्या-माझ्या कुकरला येत नाही.

आणि रेटिंग बघून जाऊ नका. रेटिंग देणारे तुमच्यासारखेच, एकदा येऊन जाणारे. रोज खाणारा माणूस रेटिंग देत बसत नाही, तो दुसऱ्या दिवशी परत येतो.

मी मूळची गडहिंग्लजची. आबांचं तिथं मिसळीचं हॉटेल, आता दादा चालवतो. शाळेच्या आधी गल्ल्यावर बसून सुट्टे मोजण्यात माझं बालपण गेलं, तेव्हा या विषयावर मी जरा जास्त बोलणार.

मॅप तुम्हाला बहुधा निपाणीहून उत्तूर, आजरा असा रस्ता दाखवेल. तुम्ही सरळ संकेश्वरपर्यंत या आणि तिथून गडहिंग्लजला वळा. पुढे आजरा आणि आंबोली आहेच. पहाटे चारला निघालात तर साडेनवाच्या आसपास गडहिंग्लजला पोचाल, आणि हीच वेळ महत्त्वाची आहे. मिसळीचं हॉटेल साडेसहा-सातला सुरू होतं आणि अकराला त्यातला जीव गेलेला असतो. त्यानंतरच्या कटात गरम पाणी पडलेलं असतं. कुठलाही मालक हे कबूल करणार नाही, पण गल्ल्यावर बसलेल्या पोरीला सगळं दिसत असतं.

हॉटेल ओळखायचं ते आत कोण बसलंय यावरून. एसटीचे ड्रायव्हर-कंडक्टर, मार्केट यार्डातले हमाल, पहिल्या तासाला पोचायचं म्हणून घाईत खाणारे मास्तर, सकाळचा फुटबॉल खेळून चिखलाच्या पायांनी आलेली पोरं (गडहिंग्लजला फुटबॉलचं वेड कोल्हापूरच्या तोडीचं आहे), असे लोक दिसले की बिनधास्त बसा. बाहेर नुसत्या गाड्याच गाड्या आणि आत सगळे मोबाईल उंच धरून फोटो काढतायत, तर पुढं चला. फळ्यावर मिसळ, कटवडा, उप्पीट, शिरा आणि चहा एवढंच लिहिलेलं असावं. त्याच फळ्यावर मंचुरियन दिसलं तर तिथं पाणीसुद्धा पिऊ नका.

कटाचा लाल रंग बघून घाबरू नका. रंग ब्याडगी मिरचीचा असतो, ती फारशी तिखट नाही. तिखटपणा संकेश्वरी मिरचीचा. तिचे सौदे गडहिंग्लजच्या बाजार समितीतच होतात, हंगामात यार्डाच्या बाजूनं नुसतं चालत गेलं तरी शिंका येतात. कांदा आणि सुकं खोबरं काळपट होईस्तोवर भाजायचं, आलं-लसूण-कोथिंबीर, घरची चटणी, आणि मग मंद आचेवर सोडून द्यायचं. मटकीचा हिशोब त्याहून लांबचा. रविवारच्या मिसळीची मटकी शुक्रवारी रात्री भिजत पडते, शनिवारी फडक्यात बांधली जाते. थंडीत मोड लवकर येत नाहीत म्हणून आबा ते गाठोडं चुलीशेजारी ठेवायचे. मटकीला बोटभर लांब मोड असतील तर ती शिळी समजा. मोड बारीक हवा.

आता कटाचं. आबांच्या वेळी पोरगं स्टीलची बारकी बादली आणि पळी घेऊन टेबलांमधून सारखं फिरायचं. "पावणं, कट?" असं विचारायचं आणि उत्तर यायच्या आत ओतायचं. एका प्लेटीवर कितीही वेळा. पैसे प्लेटीचे, कटाचे नाहीत.

दादानं हॉटेल हातात घेतल्यावर आधी टाइल्स बसवल्या. चांगलं केलं. मग टेबलांवर काचा टाकल्या, तेही ठीक. मग एकदा दिवाळीत मी माहेरी गेले होते, तर भिंतीवर नवी पाटी: 'एक्स्ट्रा कट २० रु.' मला वाटलं, पाहुण्यांसाठी असेल, रोजच्या माणसांना कोण विचारतंय. दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीनं गल्ल्यावर जाऊन बसले. यार्डातले एक हमाल काका आले. मी फ्रॉकात होते तेव्हापासून यायचे ते. त्यांचं ठरलेलं असायचं, एक मिसळ, ब्रेडच्या सहा स्लाइस आणि पोट भरेपर्यंत कट. दुपारचं जेवण धरून तेवढंच. पाठीवर पोती वाहणाऱ्या माणसाला ते लागतंच.

पहिला कट संपला तसं त्यांनी बोट वर केलं. नवं पोरगं होतं, त्यानं पाटीकडे बघून सांगितलं, "काका, वीस रुपये लागतील." काकांनी पाटी बघितली, पोराला बघितलं, आणि अख्ख्या हॉटेलाला ऐकू जाईल असं विचारलं, "आणि पाण्याचं किती लावलंयसा?"

सगळे हसले. दादा पण हसला. मला हसू आलं नाही, कारण मी त्यांच्या ताटलीकडे बघत होते. चार स्लाइस तशाच राहिल्या होत्या. मी पोराला खूण केली आणि त्यानं कट आणून ओतला, पण तोवर काका उठले होते. जाताना मला म्हणाले, "आक्का, आबास्नी सांग, येऊन गेलो म्हणून." आबा तेव्हा घरी अंथरुणाला खिळलेले. मी निरोप दिला. त्यांनी विचारलं, "खाऊन गेला न्हवं?" मी हो म्हटलं.

तो आठवडा संपायच्या आत यार्डाची माणसं समोरच्या गाड्यावर जायला लागली. एक गेला की दहा जातात, कारण ते एकत्रच येतात. दादाचं म्हणणं, बरं झालं, टेबलं लवकर रिकामी होतात, गोव्याला जाणारी गाडी आली तर तिला जागा मिळते. गाडीत चार माणसं म्हणजे चार प्लेटी, वर चहा, वर पाण्याच्या बाटल्या. हमाल एका प्लेटीवर अर्धा तास बसतो.

मी म्हटलं, प्लेटीला दहा रुपये वाढव आणि पाटी काढ. कट जास्त लागणारे थोडे असतात. कमी खाणाऱ्यांच्या दहा रुपयांत त्यांचं सहज बसतं. दादा म्हणाला, म्हणजे जो कट घेत नाही त्यानं दुसऱ्याच्या कटाचे पैसे का द्यायचे? वाद इथं येऊन अडकला तो आजवर अडकलेलाच आहे. वहिनी माझ्या बाजूनं आहे, पण ती हे फोनवर सांगते, समोर नाही.

माझं मत सरळ आहे. छोट्या गावातलं नाश्त्याचं हॉटेल पाहुण्यांवर चालत नाही. पाहुणा शनिवार-रविवारी येतो, पावसाळ्यात आंबोलीचा धबधबा बघायला येतो, परीक्षा लागल्या की गायब होतो. मंगळवारी सकाळी आठला जो येतो त्याच्या जिवावर मटकी भिजत पडते. तो येतो म्हणून रोजचा माल रोज संपतो, आणि माल संपतो म्हणून शनिवारी तुमच्यापुढे येणारी मिसळ ताजी असते. तुम्ही ज्याला 'ऑथेंटिक' म्हणता ते त्या हमालानं राखलेलं असतं. त्याला वीस रुपयांसाठी उठवलं की राहतात त्या टाइल्स.

दादाचीही बाजू आहे, आता लिहितेच आहे तर तीही लिहिते. सुकं खोबरं आणि तेल कुठल्या कुठं गेलंय. आबांच्या वेळी पोरगं शिकाऊ म्हणून जेवणावर राहायचं, आता पगार द्यावा लागतो आणि तो द्यायलाच हवा. काही पाहुणे खरंच एका प्लेटीत तिघं बसतात आणि सहा वेळा कट मागतात. पाटी त्यांच्यासाठी लावली होती असं तो म्हणतो. मग त्यांनाच सांग ना तोंडानं, आबा सांगायचेच की. भिंतीला बोलायला लावलं की ती सगळ्यांना सारखंच बोलते.

असो. अवघडल्यासारखं होतं का, याचं उत्तर राहिलं. होतं, पहिली पाच मिनिटं. तुमच्या टेबलावर कुणीतरी न विचारता येऊन बसेल, शेजारच्या खुर्चीवरची बॅग उचलून मांडीवर घ्या. "कुठनं आलासा?" असं विचारतील. पुण्याहून म्हटलं की "पुण्यात कुठं?" येईल, कारण प्रत्येकाचा कुणीतरी चिंचवडला किंवा हडपसरला कंपनीत आहेच. उत्तर द्या, खात राहा. मेनू कार्ड मागू नका. मिसळीबरोबर स्लाइस ब्रेड येईल, बनपाव नाही. त्यावर भाषण देऊ नका. पैसे उठून गल्ल्यावर द्यायचे, टेबलावर बिलाची वाट बघत बसलात तर बसूनच राहाल.

एक गोष्ट आधी लिहायला हवी होती. गाडीत कुणाला वळणांचा त्रास होत असेल तर त्याला मिसळ देऊ नका. पुढं आंबोली घाट आहे. कट आणि घाटाची वळणं यांचं जमत नाही, आणि ते निस्तरायला घाटात गाडी थांबवायला धड जागाही मिळत नाही. मुलांना उप्पीट किंवा शिरा द्या. ॲसिडिटीवाल्यांनी दही मागून घ्यावं, बहुतेक ठिकाणी मिळतं. या हॉटेलांत बाथरूमची सोय नसते, हायवे सोडण्याआधी पंपावर उरकून घ्या. आणि आठवडी बाजाराच्या दिवशी वर लिहिलेलं काहीच खरं धरू नका, त्या दिवशी उभं राहून खावं लागतं.

आमच्या हॉटेलचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पण गडहिंग्लजला थांबलात, नव्या टाइल्सच्या हॉटेलात बसलात आणि भिंतीवर ती पाटी दिसली, तर एक काम करा. कट मागा, वीस रुपये द्या, आणि निघताना गल्ल्यावरच्या माणसाला सहज विचारा की मंगळवारी किती प्लेटी जातात. काय म्हणाला ते मला कळवा. मला तो आकडा सांगत नाही.