छिन्नमनस्कता : छिन्न म्हणजे नेमकं काय?

अमळनेरच्या एका ताईंनी विचारलं आहे : ‘धाकट्या भावाच्या केसपेपरवर स्किझोफ्रेनिया लिहिलंय. मराठी शब्द शोधला तर छिन्नमनस्कता सापडला. छिन्न म्हणजे तुकडे झालेलं ना? गल्लीतले म्हणतात, एकच आंगमा दोन मानसे. आईला काय सांगू?’

ताई, आधी थेट उत्तर देतो. एका अंगात दोन माणसं हा त्या शब्दाचा अर्थ नाही आणि त्या आजाराचाही नाही. एकाच माणसात आळीपाळीने वेगवेगळी व्यक्तिमत्त्वं दिसण्याचा प्रकार अगदी निराळा आहे, त्याचं निदान निराळं, नावही निराळं. गल्लीतल्यांचा मात्र फार दोष नाही. शब्दच असा आहे की ऐकणारा फसतो.

स्किझोफ्रेनिया हा शब्द घडवला ऑयगेन ब्लॉयलर या स्विस डॉक्टरांनी, १९०८ साली. त्याआधी या आजाराला ‘डिमेन्शिया प्रीकॉक्स’ म्हणत, म्हणजे अकाली आलेला बुद्धिभ्रंश. ब्लॉयलरांना ते पटत नव्हतं. आजार दर वेळी कोवळ्या वयातच येतो असं नाही, आणि प्रत्येकाची बुद्धी शेवटी जातेच असंही नाही, हे ते रोजच्या रुग्णांत पाहत होते. जुन्या नावातच रुग्णाचं भविष्य काळं करून ठेवलेलं होतं. म्हणून त्यांनी ग्रीक भाषेतून दोन शब्द उचलले : ‘स्किझाइन’ म्हणजे चिरणं, फाटणं आणि ‘फ्रेन’ म्हणजे मन.

इथे मला फार आवडणारी एक गोष्ट सांगतो. ग्रीक ‘स्किझाइन’ आणि संस्कृत ‘छिद्’ हे एकाच मुळाचे धातू आहेत. त्या ‘छिद्’पासूनच आपले छिन्न, छिद्र, विच्छेद आले. म्हणजे ज्यांनी कुणी ‘छिन्नमनस्कता’ हा प्रतिशब्द केला, त्यांनी नकळत असेल किंवा जाणून, स्किझोच्या सख्ख्या चुलतभावालाच घरी आणलं. व्युत्पत्तीच्या बाजूने शब्द चोख आहे. अडचण अर्थाची आहे.

कारण ब्लॉयलरांना मनाचे दोन तुकडे म्हणायचे नव्हतेच. विचार, भावना, इच्छा एकमेकींना बांधून चालतात, ती बांधणी सुटते, असं त्यांना म्हणायचं होतं. दुःखाची बातमी सांगताना चेहऱ्यावर दुःख उमटत नाही. एका वाक्याचा पुढच्या वाक्याशी धागा लागत नाही. एरंडोलजवळच्या गावी आमच्या आजीची सुंभाची बाज होती. पायथ्याची दोरी सैल झाली की विणीला झोळ यायचा, निजणारा मधोमध घसरायचा. खुरा, माचवा, वीण सगळं जागच्या जागी. ताण तेवढा गेलेला. त्या बाजेच्या काही दोन बाजा होत नव्हत्या. ‘छिन्न’ वाचताना मला ती बाज आठवते.

‘फ्रेन’चंही थोडं सांगायला हवं. जुन्या ग्रीकमध्ये हा शब्द छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्यासाठी होता, श्वासपटलासाठी. तिथे जाणाऱ्या नसेला डॉक्टर आजही फ्रेनिक नर्व्ह म्हणतात. मन तिथेच राहतं अशी समजूत होती, म्हणून पडद्याचं नाव मनाला मिळालं. आपल्याकडेही काळजात धस्स होतं, आणि मटणाच्या दुकानात कलेजी मागितली की यकृत मिळतं.

हा शब्द दुसरीकडेही बोचला. जपानी भाषेत आजाराचं जुनं नाव ‘मन फाटण्याचा रोग’ अशाच अर्थाचं होतं. ते इतकं जिव्हारी लागायचं की डॉक्टर रुग्णाला निदान सांगायला कचरत. रुग्णांच्या कुटुंबीयांनी मागणी लावून धरली आणि २००२ साली नाव बदललं. नव्या नावाचा अर्थ साधारण ‘मेळ बिघडण्याचा आजार’. दक्षिण कोरियानेही पुढे नाव बदललं. तिथल्या नव्या शब्दात तंतुवाद्याच्या तारा सुरात लावण्याचा अर्थ आहे. तार सैल झाली तर लावता येते, हे त्या नावातच आलं. मराठीतही असा शब्द यावा असं मला मनापासून वाटतं. ‘मनोविसंगती’ चालेल का, असा विचार मी करतो आहे. कुणाला याहून बरा सुचला तर अवश्य सांगा.

आपल्याकडे आणखी एक शब्द सर्रास चालतो : ‘बाहेरचं’. ‘त्याले बाहेरनं लागेल शे’ असं म्हणतात ना? ही कल्पना जुनी आहे. आयुर्वेदातल्या चरकसंहितेने उन्मादाचे, म्हणजे वेडाचे, पाच प्रकार मांडले, त्यातला पाचवा ‘आगंतु’, म्हणजे बाहेरून आलेला. पण उरलेले चार वात, पित्त, कफ आणि तिन्ही मिळून, म्हणजे शरीरातलेच. आणि त्यातल्या पहिल्या तिन्हींवर औषधं सांगितलेली. लोकांच्या तोंडी पाचवा तेवढा राहिला आणि चार विसरले, याचं मला वाईट वाटतं.

आता तुमच्या कामाचं. दवाखान्याच्या कागदांवर, फॉर्मवर स्किझोफ्रेनिया हाच शब्द राहू द्या. धुळ्याला जा की जळगावला, डॉक्टरांना तोच लागतो. बोलताना ‘तो स्किझोफ्रेनिक आहे’ म्हणू नका, ‘त्याला स्किझोफ्रेनिया आहे’ म्हणा, जसं आपण ‘त्याला बीपी आहे’ म्हणतो. आणि आईला ना ग्रीक सांगायला हवं ना संस्कृत. मन ढिलं पडलंय, तुटलेलं नाही, एवढंच तिच्या अहिराणी बोलीत सांगा : ‘माय, त्यानं मन ढिलं पडेल शे, तुटेल नही.’