लगेच दुसऱ्या मिशनला जाऊ नकोस

अगं, तुझा प्रश्न काल वाचला आणि आज नाइटवरून आल्यावर पुन्हा वाचला. दक्षिण सुदानमध्ये कुपोषण वॉर्डात नऊ महिने काढून तू लातूरला आलीस, आठवडाभरात जुन्या दवाखान्यात रुजू झालीस. आता पेशंटच्या नातेवाइकांवर खेकसतेस, लेकरू दगावलं तरी डोळ्यांत पाणी येत नाही, स्वतःचीच भीती वाटते. त्यात पुढच्या मिशनचा, म्हणजे पुन्हा तसल्याच मदतकामाला जायचा, ईमेल आलाय. "तिथंच मी बरी असते, जाऊ का?" असं विचारलंस.

आत्ता जाऊ नकोस.

मीही 2014 मध्ये तिथंच होते. परतले त्याच आठवड्यात येळवस, म्हणजे वेळ अमावस्या होती. सगळं घर शेतात, कडब्याच्या कोपीपुढं पंगत, आंबील, भज्जी, उंडे. शेजारच्या काकूंनी दीड वर्षाचं लेकरू मांडीवर दिलं आणि माझा अंगठा नि बोट आपोआप त्याच्या डाव्या दंडाभोवती गेलं. दंडाचा घेर मोजून कुपोषण ओळखायची रंगीत टेप जवळ नव्हती, तरी मी मोजत होते: 115 मिलिमीटरच्या वर की खाली, लाल (म्हणजे तीव्र कुपोषण) की पिवळा. लेकरू चांगलं गुबगुबीत होतं. मला घास गिळेना. आईनं मीठ-मोहऱ्या उतरवल्या.

दोन महिन्यांत मी पुन्हा गेले. तुझ्यासारखंच मलाही वाटलं होतं की तिथं गेलं की जीव थाऱ्यावर येईल. आलाही, चार आठवडे. पाचव्या आठवड्यात एका रात्री मी जेंटामायसिन या अँटिबायोटिकचा दुप्पट डोस सिरिंजमध्ये भरला. तिथल्याच एका सिस्टरनं माझा हात धरला, काही न बोलता सिरिंज काढून घेतली. ते लेकरू सात महिन्यांचं होतं. आजही मला तो हात आठवतो.

जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये बर्नआउटची नोंद केली ती आजार म्हणून नाही, तर कामाचा ताण फार काळ आवरला न गेल्यामुळं होणारी अवस्था म्हणून. अंगातलं त्राण जाणं, कामाविषयी मन विटणं, आणि आपल्या हातून काहीच होत नाही असं वाटणं. तुझ्या पोस्टमध्ये ही तिन्ही आहेत. तू दगडाची झालेली नाहीस, बाई. नऊ महिने जे अंगावर घेतलंस ते उतरायला कुणी वेळच दिला नाही.

तुला आपल्याच वॉर्डातलं सांगते. हाडं दिसणारं लेकरू आलं की आपण त्याला पोटभर जेवू घालतो का? पोटभर दिलं तर त्याचं हृदय ते पेलत नाही. आधी एफ-75 हे हलकं उपचाराचं दूध, थोडं थोडं, दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. भूक परतली, सूज ओसरू लागली की मगच जास्त ताकदीचं एफ-100 दूध किंवा शेंगदाण्याची पेस्ट. हा नियम तू शेकडो लेकरांना लावलास, स्वतःला मात्र पहिल्याच आठवड्यात पूर्ण ड्यूटी लावलीस.

म्हणून इन्चार्जला भेटून सहा आठवडे तरी नाइट आणि आयसीयू बंद करून घे. ओपीडी, लसीकरण, काहीही चालेल. रजा शिल्लक असेल तर काढ. संस्थेला लेखी विचार की परतल्यावरचं समुपदेशन मिळेल का. बऱ्याच संस्था देतात, पण मागितल्याशिवाय कुणी हातात देत नाही. मी होते त्या संस्थेनं एक फॉर्म भरून घेतला, तेवढंच.

घरच्यांना सगळं सांगायलाच पाहिजे असं नाही. आईला वॉर्डातलं ऐकवत नाही, आणि ऐकून ती रात्रभर जागते. तिथं तुझ्यासोबत असलेलं एखादं माणूस शोध, त्याच्याशी आठवड्याला फोन ठेव. लग्नात ताटंच्या ताटं अन्न टाकलेलं पाहून येणारी चीड मला अजूनही येते, आणि ती जावी असं मला वाटतही नाही.

पण झोपेत तेच वॉर्ड दिसत असेल, आवाजानं दचकत असशील, किंवा जगावंसं वाटत नसेल, तर हे माझं उत्तर पुरेसं नाही. आजच मानसोपचारतज्ज्ञ गाठ. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

मी तिसऱ्यांदा गेले ते दीड वर्षानं, आणि ते काम मला निभावलं. तूही जाशील. त्या ईमेलला आज एका ओळीचं उत्तर धाड: सध्या येऊ शकत नाही, तीन महिन्यांनी कळवते.