ड्राइव्ह-इन थिएटर बंद का पडली?

प्रश्न : न्यू जर्सीत मुलीच्या घराजवळ गवत माजलेलं एक मोठं मैदान आहे. जमिनीवर ओळीनं मातीचे लांबट उंचवटे, टोकाला पत्रे निखळलेली उंच भिंत. तिथं पूर्वी गाडीत बसून सिनेमा पाहायचे म्हणे. मग ते उंचवटे कशासाठी? आणि असं थिएटर बंद का पडलं?

उत्तर : मी आयुष्यभर थिएटरच्या केबिनमध्ये ऑपरेटर होतो, म्हणून या प्रश्नानं फार आनंद झाला. आधी उंचवट्यांबद्दल, कारण खरी करामत तिथंच आहे. गाडीची पुढची चाकं उंचवट्यावर चढवली की तिचं नाक वर होतं आणि पुढच्या गाडीच्या टपावरून पडदा दिसतो. ही कल्पना रिचर्ड हॉलिंगशेड यांची, तीही न्यू जर्सीतलीच. त्यांनी घराच्या आवारात झाडांना पडदा बांधला, गाडीच्या बॉनेटवर प्रोजेक्टर ठेवला, पडद्यामागे रेडिओ लावला. पावसात कसं दिसेल हे पाहायला गाडीवर पाण्याचा फवाराही सोडला! मे १९३३ मध्ये पेटंट मिळालं आणि ६ जूनला कॅम्डेनजवळ पहिला खेळ लागला. गाडीचे २५ सेंट, शिवाय माणशी २५ सेंट.

आवाजानं मात्र सुरुवातीला छळलं. कर्णे पडद्यापाशी, त्यामुळे ४०० फुटांवरच्या गाडीला संवाद सुमारे एकतृतीयांश सेकंद उशिरा पोचायचा. ओठ आधी हलतात, शब्द मागून येतात. आमच्या धंद्यात याहून वाईट काही नाही. शिवाय शेजाऱ्यांची झोपमोड. पुढे प्रत्येक गाडीला खांबावरचा छोटा स्पीकर मिळाला, तो खिडकीच्या काचेला अडकवायचा. नंतर आवाज गाडीतल्या एफएम रेडिओवरच येऊ लागला.

१९४९ मध्ये न्यायालयानं पेटंट रद्द ठरवलं, म्हणजे असं थिएटर काढायला कुणालाही मोकळीक झाली. महायुद्धानंतर उपनगरं आणि गाड्या वाढतच होत्या. १९५८ च्या सुमारास अमेरिकेत अशी ४,००० हून जास्त थिएटरं होती. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंड बेटावरच्या कोपेग इथल्या थिएटरात तर २,५०० गाड्या मावत.

लोकांना कंटाळा आला म्हणून ही थिएटरं बुडाली, असं सरसकट म्हणतात. मला ते पटत नाही. त्यांना उपनगरांनीच जन्म दिला आणि उपनगरांनीच गिळलं. गावाबाहेरची स्वस्त शेतजमीन होती तोवर गणित जमलं. वस्ती सरकत आली, जमिनीचा भाव चढला, आणि दिवसभर रिकाम्या पडणाऱ्या एवढ्या एकरांवर दुकानांचे मॉल उभं करणं मालकाला परवडू लागलं. बंद खोलीत दिवसाला चार खेळ लावता येतात. इथं अंधार पडल्याशिवाय मशीन सुरूच करता येत नाही. त्यात १९६६ च्या कायद्यानं उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढं करण्याची पद्धत देशभर रुळली. ऐन हंगामात पहिला खेळ नऊच्या पुढे गेला. लहान मुलं घेऊन कोण थांबणार? हिवाळ्यात उत्तरेकडची बहुतेक थिएटरं बंदच असायची. व्हिडिओ कॅसेट आली, आणि तगून राहिलेल्यांना २०१३ च्या आसपास रिळं बंद होऊन महागडे डिजिटल प्रोजेक्टर घ्यावे लागले.

तरी काही उरली आहेत. पेनसिल्व्हेनियात ओरफील्डचं शँकवायलर्स १९३४ पासूनचं आहे. पुढच्या खेपेला मुलीला तिथं न्यायला सांगा, आणि अंधार पडायच्या बऱ्याच आधी पोचा, म्हणजे मधल्या रांगेत जागा मिळेल.