स्क्रू नुसताच फिरतो तेव्हा

प्रिय डॉक्टर,

गेल्या आठवड्यात त्या आजींच्या खांद्याच्या केसमध्ये शाफ्टमधला, म्हणजे हाडाच्या लांब दांड्यातला, साधा स्क्रू नुसताच फिरत राहिला आणि तू माझ्याकडे पाहिलंस. तेव्हा बोलायला वेळ नव्हता, म्हणून आज सविस्तर लिहितो आहे.

तुझा हात चुकला नव्हता. मोडलेलं हाड जोडायची साधी प्लेट हाडाला धरून राहते ती स्क्रूच्या ओढीमुळे. प्लेट आणि हाड यांच्यातलं घर्षण हीच तिची ताकद. ऑस्टिओपोरोसिसमध्ये, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याच्या आजारात, कॉर्टेक्स (हाडाचं बाहेरचं कठीण कवच) पातळ होतो, आतली जाळी विरळ होते. मग आट्यांना धरायला काही उरतच नाही. अशा वेळी ‘आणखी अर्धा फेरा’ आवळलास की होती ती पकडही जाते.

लॉकिंग प्लेटमध्ये स्क्रूच्या डोक्यालाही आटे असतात आणि ते प्लेटच्या भोकात अडकतात. प्लेट हाडावर दाबावी लागत नाही. स्क्रू एकेक करून ढिले होत नाहीत. सुटायचेच झाले तर सगळे मिळून, हाड फोडून सुटतात. पण इथेच हाताची फसगत होते. शेवटी तो स्क्रू घट्ट लागतो ना, तो प्लेटमध्ये लागतो. पलीकडचं हाड दणकट असो की ओल्या पुठ्ठ्यासारखं, मनगटाला फरक कळत नाही. म्हणून हाडाचा अंदाज ड्रिल करतानाच घ्यायचा. दुसरा कॉर्टेक्स लागल्याचं जाणवलंच नाही, तर तिथेच थांब आणि पुढचा बेत बदल.

लॉकिंग स्क्रू हाड जुळवतही नाही. आधी रिडक्शन, म्हणजे तुकडे जागेवर बसवणं, गरज असेल तिथे तुकडे एकमेकांवर आवळणारा लॅग स्क्रू, आणि मगच लॉकिंग. फट ठेवून लॉक केलंस तर प्लेट ती फट जशीच्या तशी राखून ठेवेल.

सुरुवातीच्या वर्षांत मीही चुकलो. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाचं, बरेच तुकडे झालेलं फ्रॅक्चर होतं. हाड कमजोर म्हणून मी प्लेटचं एकेक भोक भरून काढलं. एक्स-रे देखणा आला. पण फ्रॅक्चरच्या जागी जी थोडीशी हालचाल कॅलस (जोडणारं नवं हाड) धरायला लागते, ती मीच बंद करून टाकली होती. हाड जुळलं नाही आणि काही महिन्यांनी प्लेट बरोबर तिथेच मोडली. त्या बाई दुसऱ्यांदा टेबलावर आल्या तेव्हा त्यांच्या नजरेला नजर देणं मला जड गेलं.

तेव्हापासून लांब प्लेट आणि मोजके स्क्रू. तुकडे झालेल्या फ्रॅक्चरला प्लेट त्या भागाच्या 2 ते 3 पट लांब, साध्या फ्रॅक्चरला 8 ते 10 पट, आणि भरलेली भोकं निम्म्याहून कमी. तुकड्यांवरून पूल बांधत असशील तर फ्रॅक्चरजवळची भोकं रिकामी सोड. शाफ्टमध्ये स्क्रू दोन्ही कॉर्टेक्स धरणाराच हवा. पातळ कॉर्टेक्समध्ये एकाच बाजूचा स्क्रू पिळाला टिकत नाही.

खांद्याबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण तिथे नुकसान उशिरा दिसतं. ह्युमरसच्या (दंडाच्या हाडाच्या) डोक्याला आतून-खालून आधार नसेल तर ते हळूहळू खाली बसतं. स्क्रू जागचे हलत नाहीत, त्यामुळे त्यांची टोकं सांध्यात घुसून ग्लेनॉइड (खांद्याची खोबण) घासू लागतात. म्हणून हा आधार देणारा कॅल्कार स्क्रू चुकवू नकोस, टोकं सांध्याच्या पृष्ठभागापासून निदान 5 मिमी आत ठेव आणि सी-आर्मच्या एक्स-रेखाली हात फिरवून सगळ्या कोनांतून पाहा. रोटेटर कफमधून, म्हणजे खांद्याभोवतीच्या टेंडनमधून, टाके घेऊन ते प्लेटला बांध. या वयात हाडापेक्षा टेंडनच जास्त भरवशाचं असतं.

आणखी एक गोष्ट, आणि ती मला मनापासून खटकली. आजींचं डिस्चार्ज कार्ड पाहिलं. अँटिबायोटिक, वेदनाशामक, टाके काढायची तारीख, सगळं आहे. ज्या आजारामुळे हाड मोडलं त्याचं नावच नाही. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, खुब्याच्या फ्रॅक्चरच्या शस्त्रक्रियेनंतर 90 दिवसांच्या आत झोलेड्रॉनिक ॲसिड हे हाडांची झीज रोखणारं औषध सुरू केलेल्या रुग्णांमध्ये नवी फ्रॅक्चर 35 टक्क्यांनी आणि मृत्यू 28 टक्क्यांनी कमी झाले होते. आपली कोणतीही प्लेट एवढं करू शकत नाही.

उद्या त्यांच्या घरी फोन लाव. ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) आणि डेक्सा (हाडांच्या घनतेसाठी) या तपासण्या लिहून दे. रिपोर्ट आले की मला दाखव, औषध दोघं मिळून ठरवू.