ग्रॉइन, स्केट्स आणि ती साडेतीनशे डॉलरची स्टिक

अगं,

तुझा मेसेज वाचला. दोन प्रश्न विचारलेयस, ग्रॉइन (मांडीच्या आतला स्नायू) खेचलंय तरी आपल्या आइस हॉकी लीगच्या प्लेऑफला उतरू का, आणि सेलमध्ये ती साडेतीनशे डॉलरची स्टिक दिसतेय ती घेऊ का. दोन्हीचं उत्तर नाही. का ते मेसेजमध्ये मावणार नाही म्हणून निवांत लिहितेय, चहा घेऊन वाच आणि मध्येच उठून स्टिक ऑर्डर करू नकोस.

मला हे दोन प्रश्न वेगळे वाटतच नाहीयेत. गेल्या रविवारी बेंचवर बसून मी तुझे पाय बघत होते. तुझे घोटे आत पडतात, दोन्ही, आणि दुसरा पिरियड सुरू झाला की जास्तच. पुण्यात लहानपणी इनलाइन, म्हणजे चाकांचं स्केटिंग केलंयस त्यामुळे बॅलन्स चांगला आहे, घाबरत नाहीस, पण स्केट्स घेताना तू रोजच्या बुटाचाच नंबर घेतलास ना? इथेच घोळ आहे. हॉकी स्केट्सचे नंबर पुरुषांच्या मापाने असतात आणि त्यातही बुटापेक्षा एक-दीड नंबर लहान घ्यावे लागतात, म्हणजे बायकांच्या बुटाच्या नंबरातून साधारण दोन ते अडीच कमी. तुझा बूट आठचा, म्हणजे तुला साडेपाच-सहाच्या आसपासचं स्केट बसायला हवं आणि तू आठ घालून फिरतेयस. पाय आत पोहतोय नुसता. मग तो धरून ठेवायला तू बोटं आवळतेस, लेस करकचून बांधतेस, त्याने घोट्याच्या पुढे जिथे लेस येते तिथल्या शिरा दुखायला लागतात (याला इथे लेस बाइट म्हणतात, तुला तो आहेच, दर पिरियडनंतर लेस सोडवत बसतेस ते बघते मी), आणि एवढं करूनही जे काम बुटाने करायचं ते शेवटी मांडीचा आतला स्नायू करतो. ग्रॉइन फक्त यानेच खेचलं असं म्हणत नाही, वॉर्मअप न करता रात्री पावणेअकराला दिवसभर खुर्चीत बसून आखडलेलं अंग घेऊन सरळ स्प्रिंट मारलास तर बरोबर मापाच्या स्केटमध्येही खेचू शकतं. पण यानेही खेचलं.

त्यामुळे आधी स्केट्स. दुकानात जायचं, ऑनलाइन नाही. पायात पातळ मोजा, जो खेळताना घालशील तोच. सरळ उभी राहिलीस की बोटं पुढच्या टोपीला जेमतेम टेकली पाहिजेत, गुडघे वाकवलेस की टाच मागे बसून बोटं सुटली पाहिजेत. लेस न बांधता पाय पूर्ण पुढे सरकवून टाचेमागे बोट घालून बघ, एक बोट जेमतेम जात असेल तर ठीक, सैल जात असेल तर स्केट मोठं. बाऊरमध्ये हल्ली फिट एक, दोन, तीन असे प्रकार येतात, अरुंद ते रुंद, सीसीएम आणि ट्रूचे साचे आणखी वेगळे, त्यामुळे कुठला ब्रँड चांगला हे मला विचारू नकोस, तुझा पाय ज्यात बसेल तो चांगला. माझा पंजा जन्मभर चपला घालून पुढे असा पसरलाय की अरुंद स्केट मला पाच मिनिटंसुद्धा चालत नाही. बसलं की दुकानातच ओव्हनमध्ये भाजून घ्यायचं. हो, भाजतात, काही मिनिटं गरम करून तुझ्या पायावर बांधतात म्हणजे बूट पायाचा आकार धरतो, आणि त्यानंतर निदान एक दिवस बर्फावर जायचं नाही. सगळ्यात महागडं मॉडेल घेऊ नकोस. ते प्रोसाठी इतकं कडक बनवतात की तुझ्या वजनाला आणि आठवड्याच्या एका गेमला त्याचा घोटा वाकणारच नाही. मधल्या रेंजचं घे.

आणि शार्पनिंग. कितीचा हॉलो मारलाय असं विचारलं तर तू म्हणालीस काय माहीत. माहीत असायला पाहिजे. स्केटचं स्टील खालून सपाट नसतं, मधे खोबण असते, तोच हॉलो, आणि दोन्ही बाजूंना दोन धारा, ती खोबण जितकी खोल तितकी धार बर्फाला जास्त चावते. इंचात मोजतात, ३/८ म्हणजे खोल, १/२ मधलं, ५/८ उथळ. कमी वजनाच्या माणसाला दुकानवाले कधीकधी खोल मारून देतात कारण त्याला पकड कमी मिळते, ते चूक नाही, पण तू अजून हॉकी स्टॉप (पाय आडवे करून बर्फावर घासत थांबणं) शिकतेयस, आणि खोल हॉलोवर थांबताना स्टील अचानक धरतं, पाय तिथेच राहतो आणि अंग पुढे जातं. दुखऱ्या ग्रॉइनला नेमकं हेच नकोय. माझं मत, परत येशील तेव्हा १/२ वर ये, आणि तरीही अडकल्यासारखं वाटलं तर ५/८ करून बघ. इनलाइनच्या चाकांवर सहसा असं बाजूला घासून थांबत नाहीत त्यामुळे तुझ्या अंगाला ती सवयच नाहीये, आणि तू फक्त डाव्या बाजूनेच थांबतेस, उजवीकडे थांबायचं आलं की मोठा गोल मारून येतेस. सगळ्या टीमला कळलंय ते.

आता दुखण्याबद्दल. तो "कट्ट" असा आवाज आला होता का? मांडीच्या आत खाली काळंनिळं उतरलंय का? पायावर भार देता येत नाही असं आहे का? यातलं काहीही असेल तर आधी डॉक्टर, माझं पत्र नंतर. नसेल तर फिजिओ गाठ. तुझ्या-माझ्या वयाच्या लोकांना ओहिपमध्ये (ऑन्टॅरिओ सरकारच्या आरोग्य विम्यात) फिजिओ सहसा मिळत नाही, पण ऑफिसच्या बेनिफिट्समध्ये असेल, ते पैसे तुझे आहेत, न वापरता सोडतात लोक आणि मग यूट्यूब बघून पाय ताणत बसतात. नुसतं स्ट्रेचिंग पुरत नाही इथे. २००१ मध्ये एनएचएलच्या (पुरुषांच्या मोठ्या प्रो लीगच्या) खेळाडूंवर एक अभ्यास आला होता, त्यात निघालं की मांडीचे आतले स्नायू बाहेरच्यांच्या ८० टक्क्यांपेक्षा कमी ताकदीचे असतील तर ग्रॉइन खेचलं जाण्याची शक्यता १७ पट होती. लवचिकतेचा तसा काही संबंध दिसला नाही, ताकदीचा दिसला. म्हणून फिजिओ तुला गुडघ्यांमधे बॉल दाबायला लावेल, मग हळूहळू एका कुशीवर होऊन वरचा पाय खुर्चीवर ठेवून अंग उचलायला लावेल, तो प्रकार भयंकर आहे, शिव्या देशील, पण कर.

परत कधी यायचं याची तारीख मला विचारू नकोस, फिजिओलाही खोदू नकोस. तारखेने नाही, जमतंय काय त्याने ठरतं. बॉल जोर लावून दाबला तरी दुखत नाही, मग पब्लिक स्केटिंगला जाऊन सरळ स्केटिंग, ना स्टिक ना पक (खेळायची चकती). ते दुसऱ्या दिवशी सकाळीही दुखलं नाही तर क्रॉसओव्हर (पायावरून पाय टाकत वळणं), मग दोन्ही बाजूंचे स्टॉप (उजवीकडचा पण!), मग शिनी (मोकळा, हौशी खेळ), मग गेम, आणि पहिल्या गेमला तीस-चाळीस सेकंदांच्या शिफ्ट घे आणि ये बाहेर. कुठल्याही पायरीवर दुखलं की एक पायरी मागे. आणि गेमच्या आधी पेनकिलर घेऊन उतरायचं नाही, आपल्या लॉकर रूममध्ये बाटलीतून चणे-फुटाणे वाटावेत तशा आयबुप्रोफेन वाटतात ते मला माहितीय, पण दुखणं तुला जे सांगतंय ते ऐकू येऊ नये म्हणून गोळी घेऊन तू नक्की काय जिंकणार आहेस, डी डिव्हिजनची ट्रॉफी? नताली स्पूनर आठवते ना, आपल्या टोरोंटोची, पीडब्ल्यूएचएलच्या (बायकांच्या प्रो लीगच्या) पहिल्याच सीझनमध्ये २४ गेममध्ये २० गोल. २०२४ च्या मेमध्ये प्लेऑफमध्ये गुडघ्याचं लिगामेंट गेलं आणि ती परत उतरली पुढच्या फेब्रुवारीत. तिला रोजचे फिजिओ, ट्रेनर, सगळं होतं आणि हे तिचं पोट भरायचं काम आहे, तरी तिने घाई केली नाही. तुझी दुखापत त्यापुढे काहीच नाही, पण तुला सोमवारी सकाळी नऊला ऑफिसात जिनाही चढायचाय.

डोक्याची गोष्ट मात्र पूर्ण वेगळी. डोक्याला मार लागून नंतर डोकं दुखलं, मळमळलं, उजेड नको वाटला, कोणी विचारलं स्कोअर काय आणि आठवेना, तर त्या रात्रीचा गेम संपला. बेंचवर थांबून बघते वगैरे नाही, आणि गाडी तू चालवायची नाहीस. एनएचएलचा स्टार सिडनी क्रॉस्बीसारखा माणूस २०११ च्या जानेवारीत लागोपाठ दोन धक्के बसून बाहेर गेला तो नोव्हेंबरमध्ये परत आला, आणि लक्षात घे, पहिल्या धक्क्यानंतर तो खेळत राहिला होता. हेल्मेट कवटी वाचवतं, कन्कशन (मेंदूला बसणारा धक्का) टाळेलच असं कुठलंच हेल्मेट नाही, दुकानवाला काही का सांगेना. म्हणून हेल्मेट सेकंडहँड घ्यायचं नाही कारण आधी त्याने काय काय खाल्लंय ते आपल्याला कळत नाही, सीएसएचा (कॅनडातल्या सुरक्षा-प्रमाणाचा) स्टिकर बघून नवीन घ्यायचं, आणि घट्ट. केज पूर्ण जाळीचा. अर्धी काच लावून दात मोजत घरी जाणारे बरेच आहेत लीगमध्ये, त्यांना जाऊदे.

बोर्डपाशी जाताना एक सवय लाव. पक भिंतीला लागून असेल तर एक तर थेट भिंतीला चिकट, नाहीतर लांब राहा, मधे दोन-चार फुटांवर पाठ करून थांबू नकोस. आपल्या लीगमध्ये चेकिंग (मुद्दाम अंगाने धडक देणं) नाही हे खरं, पण ज्याला थांबता येत नाही तो नियम बघून धडकत नाही. खांदे तिथेच निखळतात.

मग नेक गार्ड. तू घालत नाहीस, गरम होतं म्हणतेस. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये इंग्लंडात शेफील्डला अ‍ॅडम जॉन्सनच्या गळ्याला समोरच्याचं स्केट लागलं, २९ वर्षांचा मुलगा, एनएचएल खेळून आलेला, तो गेला. त्यानंतर आंतरराष्ट्रीय आइस हॉकी फेडरेशनने स्वतःच्या स्पर्धांत नेक गार्ड सक्तीचा केला. आपल्याकडे अजून मर्जीवर आहे म्हणून तुझी मर्जी चालतेय, पण माझ्या लाइनवर (एकत्र बर्फावर उतरणाऱ्या तुकडीत) खेळायचं तर घालायचा. कट न होणारे मोजे पण घे. एनएचएलच्या एरिक कार्लसनची टाचेमागची शीर (अकिलीज टेंडन) २०१३ मध्ये अशीच मागून आलेल्या स्केटने कापली गेली होती.

बाकीचं सामान सेकंडहँड चालतं, मी सांगते ना. शिन पॅड, एल्बो पॅड, पँट्स, शोल्डर पॅड, सगळं वापरलेलं बिनधास्त घे, फक्त शिन पॅडची वाटी गुडघ्यावर बरोबर बसते का आणि पँट वरून त्याला थोडी झाकते का ते बघ, मधे मोकळी जागा राहिली की पक नेमका तिथेच येतो. शोल्डर पॅड बायकांच्या कटचे मिळाले तर बघ, फरक पडतो. आणि घरी गेलीस की बॅग उघड गं बाई. तुझ्या बॅगेचा वास पार्किंगपर्यंत येतो.

राहिली स्टिक. तुझं वजन ५५ किलो, म्हणजे १२० पाउंड. ढोबळ नियम असा की फ्लेक्स, म्हणजे स्टिकच्या कडकपणाचा आकडा, पाउंडांच्या निम्मा, म्हणजे तुला साठच्या आसपासचा. ती सेलमधली ८५ ची आहे, लिंक उघडून बघितली मी, आणि उंचीसाठी कापलीस की अजून कडक होणार. तुझ्याने ती वाकणारच नाही, शॉट काय घंटा जाणार. इंटरमीजिएट साइझची साधी, शंभरच्या आत मिळेल ती घे. महागातली महाग स्टिकसुद्धा कोणी स्लॅश (स्टिकने फटका) मारला की त्याच रात्री मोडते, आणि वॉरंटी बहुतेक एक महिन्याचीच असते.

प्लेऑफला तुझ्या जागी सब (बदली खेळाडू) बघून ठेवलीय, कॅप्टनशी बोलले. तू बेंचवर ये, बेंचचं दार उघडायला माणूस लागतोच. शनिवारी दुपारी मी स्टील बदलायला दुकानात जाणारे, तुला सबवे स्टेशनवरून उचलते, पातळ मोजे आण आणि जुने स्केट्स पण आण, ते नवीनच आहेत, आठ नंबरवाली कोणीतरी घेईल. आईला ग्रॉइनचं मराठीत काय सांगितलंस ते मात्र मला ऐकायचंय.

ताई